उताणे पडून तापीकाठाने

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणकार रंगावर भुलत नाही. तो दात बघतो, खूर बघतो, रेवाल चाल चालवून बघतो आणि मग हे जनावर आपल्या रस्त्याला टिकेल का, याचा विचार करतो. पाठ टेकून, पाय पुढे सोडून चालवायची आडवी सायकल, म्हणजे रिकंबंट, निवडताना नंदुरबार जिल्ह्याने हाच शहाणपणा दाखवावा. लांब पल्ला वेगात कापायचा तर इथे दोन सारख्या मोठ्या चाकांची, आखूड बांध्याची, उंच बैठकीची सायकल घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. बाकीचे प्रकार देखणे आहेत. पण ते दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यासाठी जन्मले.

मुळात आडवं का व्हायचं? एवढा पैसा घालून पडायचंच असेल तर अंगणात बाज आहे, असं कोणीही म्हणेल. पण सपाटीवर ताशी पंचवीस किलोमीटर ओलांडले की सायकलस्वाराचा मुख्य शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो, आणि ताठ बसलेला माणूस तिला छातीचा दरवाजा करून देतो. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी घडवलेल्या आडव्या सायकलवर फ्रान्सिस फॉर या दुसऱ्या फळीतल्या स्पर्धकाने १९३३ साली तासात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासून अढळ असलेला विक्रम मोडला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्यावर गंभीर विचार केला आणि १९३४ मध्ये ही सायकल म्हणजे सायकलच नव्हे असं ठरवून टाकलं. एखादी वस्तू खरोखर वेगवान आहे याचा याहून भक्कम दाखला मला ठाऊक नाही. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करायच्या फेऱ्या, भरवणाऱ्यांनी मात्र मन मोठं ठेवलं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या १२०० किलोमीटरमध्ये आडव्या सायकली रीतसर धावतात. ऐंशी-नव्वद तास ज्याला खोगिरावर काढायचे आहेत, त्याच्या बुडाचाही काही हक्क असतोच.

आता प्रकार बघू. सगळ्यांत वेगवान दुचाकी म्हणजे जमिनीलगतची लो-रेसर. बैठक जेमतेम वीतभर उंच. पण गळीत हंगामात शहादा-तळोदा रस्त्यावर उसाने ओसंडणारी ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला खाली डांबरालगत कोणी शास्त्रशुद्ध पद्धतीने पहुडलंय हे दिसावं कसं? केशरी झेंडा लावा म्हणतात. लावला तर पडलेलं गाजर एवढीच नोंद होईल. तीनचाकी आरामशीर खरी, पण दुचाकीला खड्डा चुकवायला एक रेघ सांभाळावी लागते, हिला तीन. आपल्या रस्त्यांवर तिन्ही एकदम वाचवणं देवाच्याही हातात नाही. कवचबंद व्हेलोमोबिल हवेला सर्वांत सहज चकवते. युरोपच्या थंडीत ते ठीक, मे महिन्यात इथे चाळिशीपार पाऱ्यात आतला माणूस शहाद्याला पोचेपर्यंत शिजून तयार. लांब बांध्याची सायकल स्थिर असते, सरळ रस्त्यावर प्रेमळही. मात्र जड, आणि एसटीच्या टपावर चढवायला चार माणसं.

उंच बैठकीची हायरेसर यात मधला मार्ग आहे. डोळे मोटारवाल्याच्या नजरेच्या टप्प्यात येतात, मोठी चाकं छोट्या खड्ड्यांवरून निभावतात, आणि सव्वीस इंची चाकं घेतली तर ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळते. चेन साध्या सायकलीच्या अडीच-तीन पट लांब असते. ती तुटली तर साध्या चेन जोडून काम भागतं. खरा आक्षेप घाटाचा. तोरणमाळला हजार मीटरहून वर जायचं, सातपायरी घाट चढायचा; तिथे पेडलवर उभं राहून अंगाचं वजन टाकता येत नाही. हे खरंच आहे, आणि चढावर ही सायकल मागे पडते. पण नवापूर, नंदुरबार, प्रकाशा, शहादा असा दिवस काढणाऱ्याचा बहुतेक वेळ घाटात नव्हे, वाऱ्यात जातो. वाऱ्याविषयी शंका असेल त्याने शेजारच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघाव्या. कंपन्यांनी त्या शोभेसाठी उभारलेल्या नाहीत. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका साध्या सायकलींवर पुरी केली, हाही दाखला कोणी देईल. मान्य, पण त्यांच्या मागे गाडी आणि मदतनिसांचा चमू होता. आपल्या मागे उसाची ट्रॉली असते. उन्हाचा आक्षेप मी निम्माच मान्य करतो. तोंड आभाळाकडे असल्याने सूर्य थेट डोळ्यांत उतरतो; टोपी, गॉगल आणि पहाटेचं निघणं, एवढा उपाय पुरतो.

राहिला कुत्र्यांचा प्रश्न. हायरेसरवर पावलं हवेत उंच असल्याने कुत्र्याला पोटरी सापडत नाही, हा मोठाच फायदा. त्याला सापडते ती बैठकीची बाजू, आणि ती त्याच्या तोंडाच्या उंचीवर अगदी बेतून दिल्यासारखी येते. या मुद्द्यावर लो-रेसरवाल्यांचं काय म्हणणं आहे ते मी विचारणार नाही. त्यांच्या बाबतीत कुत्र्याला मान वर करावी लागत नाही.