दातांची मिरज

चँडलर, ॲरिझोना
रथसप्तमी

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,


वहिनी, तुमचा तिळगुळाचा डबा संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुखरूप पोचला. लाडूही सुखरूप पोचले. एकाचाही टवका उडाला नव्हता. विमानातून, गोदामातून, ट्रकमधून आपटत-आदळत आलेला लाडू जसाच्या तसा राहतो म्हटल्यावर खरं तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण तिळगुळाबद्दल शंका घेऊ नये म्हणून मी अख्खा लाडू डाव्या दाढेखाली घेतला. ‘कट्’ असा आवाज झाला. आम्हा सगळ्यांना वाटलं, लाडू फुटला.

लाडू फुटला नव्हता.

पाक पुढे गेला होता असं मी अजिबात म्हणत नाही. बाबांची कवळी ज्या संक्रांतीला दुरुस्तीला गेली, त्या वर्षीही आपल्या घरात कुणी तसं म्हटलं नव्हतं. मी आपला घडला प्रकार कळवतोय.

दादा, तू म्हणशील, “अरे, कंपनीचा विमा आहे ना?” आहे. डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत आहे. फक्त मध्ये दात लागले की तो तेवढे सोडून पुढे जातो. नाक, कान, घसा एका पॉलिसीत आणि त्यांच्याच वाड्यात राहणारा दात मात्र वेगळ्या चुलीवरचा! ही भाऊबंदकी जुनी आहे म्हणे. १८४० मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं वेगळं कॉलेज निघालं, तेव्हापासून शरीराचा डॉक्टर निराळा आणि दाताचा निराळा. १९६५ मध्ये सरकारने म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर आणलं, त्यातही दातांचं नेहमीचं काम कायद्यानेच वगळलं. म्हणजे ज्या वयात दात पडतात, नेमकं त्या वयाचं!

दातांचा म्हणून माझा वेगळा विमा आहे. वहिनी, त्याच्या अटी तुमच्या जावेने मोठ्याने वाचून दाखवल्या. वर्षाला जास्तीत जास्त १,५०० डॉलर. मोठ्या कामाला निम्मेच. आणि नोकरी बदलून नवा विमा घेतला असेल, तर मोठ्या कामाला एक वर्ष थांबा. नोकरी मी दिवाळीत बदलली. शिवाय विमा घेण्याआधी पडलेल्या दाताची भरपाई नाही, असंही एक कलम आहे. माझी दाढ निदान विमा घेतल्यावर फुटली, एवढंच समाधान.

इथल्या डॉक्टरने दाढेचा फोटो काढला आणि हिशेब हातात ठेवला. रूट कॅनॉल १,४००, दाढ भरून उभी करायला ३५० आणि वर क्राऊन १,५००. एकूण ३,२५० डॉलर. दादा, तू रुपये करशीलच, म्हणून मीच करून सांगतो: पावणेतीन लाखांच्या वर. आपण सांगलीत ज्याला कॅप म्हणतो, त्याला इथे क्राऊन म्हणतात. टोपीचा मुकुट झाला की भाव वाढणारच! एवढ्या पैशांत दाढेवर मुकुट चढवायचा, तर राज्याभिषेकाला सगळ्या गावाला जेवण घालायला हवं.

सांगलीत हे काम दहा-बारा हजारांत झालं असतं, कबूल. पण त्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं आणि ठणकणारी दाढ वीस-बावीस तास घेऊन बसायचं, म्हणजे दाढीपेक्षा मिशा मोठ्या. लवंग धरून आठ दिवस काढले. शेवटी उपाय सापडला तो हळदीकुंकवात. इथल्या बायकांनी वाण म्हणून डबे लुटले आणि डब्याबरोबर मेक्सिकोतल्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन नंबरही लुटला.

गावाचं नाव लॉस अल्गोदोनेस. ‘अल्गोदोन’ म्हणजे स्पॅनिशमध्ये कापूस. ज्या गावात दिवसभर लोकांच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबतात, त्याला याहून शोभेसं नाव कुणाला सुचलं असतं? वस्ती पाच-सहा हजारांची आणि दंतवैद्य काही शे. अमेरिकन लोक त्याला ‘मोलर सिटी’ म्हणतात. म्हणजे आपलं ‘दाढपूर’च की!

आमच्याकडून ते ३०० किलोमीटर, म्हणजे सांगलीहून निघून पुणं टाकून लोणावळा गाठावं तेवढं. पहाटे निघालो. दोन्ही बाजूंना वाळवंट, हात वर करून उभे असलेले निवडुंग, मग एकदम युमाची हिरवीगार शेतं. ऐन हिवाळ्यात अमेरिकेच्या ताटातला बहुतेक पाला इथून जातो. तिथून कॅलिफोर्नियाच्या कोपऱ्यातल्या अँड्राड नाक्यावर आलो. क्वेचान या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर भलंमोठं पार्किंग आहे. तिथे गाडी ठेवायची आणि चालत देश बदलायचा. खिशात ग्रीन कार्ड असलं की मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जावं तसा मी दुसऱ्या देशात गेलो.

नऊची वेळ होती. माझ्या मनगटावरच्या बाबांच्या एचएमटीत पावणेनऊ झाले होते. मोठ्या रुबाबात दार ठोठावलं, तर आत झाडू चालू! ॲरिझोनात घड्याळ वर्षभर एकाच जागी असतं, पलीकडे हिवाळ्यात ते तासभर मागे जातं. तिथे अजून पावणेआठच वाजले होते. परदेशी येऊन इतकी वर्षं झाली, पण वेळेआधी पोचल्याबद्दल पहिल्यांदाच बोलणी खाल्ली. तीही घरचीच.

मग तासभर रस्त्यावर. पावलोपावली माणसं आडवी येतात: “डेंटिस्ट, अमिगो? चष्मा? औषधं?” मला थेट नाशिकचं रामकुंड आठवलं. आता कुणीतरी गाव-आडनाव विचारून वही काढणार आणि आमच्या खापरपणजोबांनी इथे कुठली दाढ काढली ते वाचून दाखवणार, अशी मला धास्तीच वाटली.

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, हसऱ्या. तुमच्या जावेने आधी उलटतपासणी घेतली. हत्यारं उकळता का? बाईंनी ऑटोक्लेव्हमधून निघालेलं मोहोरबंद पाकीट आमच्यासमोर फोडलं. मगच मला खुर्चीत बसायची परवानगी मिळाली. भूल दिली आणि बाई गोड आवाजात म्हणाल्या, “आब्रा ला बोका.” मी दचकून खुर्चीखाली पाहिलं. बोका कुठेच नव्हता. स्पॅनिशमध्ये बोका म्हणजे तोंड, आणि ते मला उघडायचं होतं. थोड्या वेळाने विचारलं, “दुएले?” हे मात्र न शिकवता कळलं. दुखणं दोन्ही भाषांत ‘दु’नेच सुरू होतं.

दाढेला मुळं दोन, नळ्या तीन. सुईएवढ्या फायली आत-बाहेर करत बाई एकेक नळी साफ करत होत्या. टोक जवळ आलं की बाजूचं यंत्र, ट्रक रिव्हर्स घेताना करतो तसं, टीं-टीं करायचं. मग त्या नळ्यांत गट्टापर्चा भरला. हा मलायातल्या झाडाचा चीक. एके काळी समुद्राखालून तारा टाकल्या, तेव्हा त्या केबलींवर हाच गुंडाळायचे. म्हणजे वहिनी, तुमच्या लाडवाने पाडलेलं भगदाड बुजवायला समुद्रतळाचा माल लागला.

दुपारी कॅपचं माप घेतलं. कॅप घडवणारी लॅब मागच्याच गल्लीत. आम्ही रात्री युमाच्या मोटेलात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी झिर्कोनियाची कॅप बसवूनही झाली. रूट कॅनॉल २५०, भराव ५०, कॅप ३५०. एकूण ६५० डॉलर. पेट्रोल, मोटेल, खाणंपिणं धरून ८४०.

इतकं स्वस्त कसं, असं मी विचारलंच. बाई म्हणाल्या, “मी सरकारी विद्यापीठात शिकले, माझ्या डोक्यावर कर्ज नाही.” अमेरिकेत नवा दंतवैद्य तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज घेऊन बाहेर पडतो. त्याचा हप्ता, चौकातलं भाडं, कोर्टकचेरीच्या भीतीने काढलेला विमा आणि विमा कंपन्यांशी हुज्जत घालायला ठेवलेली माणसं, हे सगळं माझ्या एका दाढेवर बसलं होतं. ती फुटणारच. तुमचा लाडू केवळ निमित्त!

दादा, सगळंच गोड आहे असं मात्र नाही. उद्या काही बिघडलं तर तक्रार कुणाकडे करायची? इकडचे डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला नाखूश असतात. म्हणून एक्स-रे, पावती, कॅप कशाची आहे ते, सगळं लिहून घेतलं. आणि प्रत्येक काम दोन दिवसांत उरकत नाही. परतीच्या रांगेत माझ्यापुढे मिनेसोटाचे एक निवृत्त आजोबा होते. त्यांना इम्प्लांट बसवायचं होतं. गेल्या हिवाळ्यात हाडात स्क्रू बसवून गेले. तो हाडाशी एकजीव व्हायला काही महिने लागतात, म्हणून दात लावायला या हिवाळ्यात आले.

ती रांग दीड तासाची. जायला शंभर पावलं, यायला दीड तास! वॉकर धरलेल्या आज्या, चाकाच्या खुर्च्या, गालावर बर्फाच्या पिशव्या. आणि दादा, मला मिरज स्टेशनचा बाहेरचा रस्ता दिसायला लागला. पहाटेच्या गाडीने कर्नाटकातून आलेले पेशंट, त्यांच्यावर चालणाऱ्या खानावळी, लॉज, औषधांची दुकानं. अमेरिकन मिशनच्या डॉ. वानलेसांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना काढला, आजोबांचा मोतीबिंदू तिथेच निघाला. अमेरिकेतून पैसा आणि डॉक्टर मिरजेला आले आणि सांगलीचा मी अमेरिकेतून दाढ घेऊन मेक्सिकोला निघालो. त्या पेशंटांकडे बघून आई म्हणायची, “बिचारे, यांच्या गावात डॉक्टर नसेल.” त्या रांगेत तो बिचारा मी होतो. फरक इतकाच, की माझ्या गावात चौकाचौकात डॉक्टर आहेत.

नाक्यावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, “कशासाठी गेला होता?” जीभ आणि ओठ अजून अर्धे झोपलेलेच. ‘टूथ’ म्हणायला गेलो, तर ‘थूऽऽ’ एवढंच बाहेर पडलं, तेही थोडं ओलं. मला वाटलं, आता आत टाकतो. त्याने वर न पाहता कार्ड परत दिलं. दिवसभर त्याला हेच उत्तर मिळत असणार.

तुमची जाऊ म्हणते, २,४१० डॉलर वाचले. ते कुठे ठेवलेत ते मात्र सांगत नाही.

वहिनी, पुढच्या वर्षीही लाडू पाठवाच. फक्त पाक अर्धा मिनिट आधी उतरवा. डावी बाजू आता झिर्कोनियाची आहे, ती तुमच्या लाडवाला पुरून उरेल. उजवी अजून बाबांकडून आलेलीच आहे, तिला जपायला हवं.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा

ता. क. : डब्यात सात लाडू उरले आहेत. टाकवत नाहीत. चिरंजीवांनी त्यांतला एक दाराला अडकण म्हणून लावला आहे. दार वाऱ्याने हलत नाही.