माणसाची अंतिम पैसेवारी

वर्ष सरता सरता दिग्रस तालुक्यात दोन हिशेब होतात. एक घरोघरी, मनातल्या मनात: यंदा काय साधलं, पुढच्या साली काय करायचं. दुसरा सरकारी: खरिपाची अंतिम पैसेवारी, म्हणजे पीक रुपयाला किती पैसे आलं त्याचा आकडा, जो विदर्भात ३१ डिसेंबरला जाहीर होतो. पहिल्या हिशेबात नुसती हळहळ असते, दुसऱ्याला निदान पंच असतात. तेव्हा संकल्प सोडणाऱ्यांनी यापुढे आपली पैसेवारी काढून घ्यावी, अशी या सदराची रीतसर मागणी आहे. संकल्प बुडतो तो आळसापायी, असं सगळे सांगतात. पण बोलणारा, मोजणारा आणि माफ करणारा एकच असला, की दुसरं काय होणार?

पैसेवारीची रीत पाहा. ३० सप्टेंबरला नजर अंदाज, ३१ ऑक्टोबरला सुधारित आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी अंतिम. मधल्या काळात हलक्या, मध्यम, भारी जमिनीतले तुकडे आखायचे आणि गावासमक्ष पीक कापून वजन करायचं. संकल्पाचं मात्र सगळंच नजर अंदाजावर. जानेवारीत प्रत्येकाची पैसेवारी शंभर असते. कृषी केंद्राने फुकट दिलेली डायरी उघडून बघा: पहिल्या आठवड्यात ‘पहाटे पाचला उठणे’, ‘गोड बंद’, ‘महिन्याला बचत’; संक्रांतीनंतर दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कुणाचा तरी अर्धवट फोन नंबर. सुधारित अंदाज कुणी काढतच नाही. डिसेंबरात थेट निकाल, आणि तो हमखास अठ्ठेचाळीस पैसे. कारण पन्नासच्या खाली गेलं की सवलती. शेतकऱ्याला जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी माफ. आपल्याला ‘यंदा परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य. शेतकऱ्याच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही असतं.

कुणी म्हणेल, पैसेवारी तरी कुठली खरी? सप्टेंबरअखेर पऱ्हाटीची सीतादही, म्हणजे पहिल्या वेच्याची पूजासुद्धा झालेली नसते. ३१ डिसेंबरला तूर वावरात उभी असते, कपाशीचा एखादा वेचा बाकी असतो, आणि कागदावर हंगाम संपलेला. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही रीत माणसाला चपखल बसते. आपलंही बरंचसं पीक वावरातच असतं आणि आपण कॅलेंडर बघून ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतो. दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा: केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेने पैसेवारी मागे टाकली, आता पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेली हिरवळ. माणसांतही ही सुधारणा पोचली आहे. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं. ते हात हलवला तरी मोजतं, आणि वरून बघणाऱ्या उपग्रहाला गाजरगवतही हिरवंच दिसतं.

तिसरा आक्षेप पंचांगाचा: आपलं वर्ष पाडव्याला, एक जानेवारीचं कौतुक कशाला? तारखेवर भांडण नाही. पण पाडव्याला ठरणारं सालदाराचं साल बघा. त्याने काय करायचं, त्याला काय मिळायचं हे मालक आणि सालदार दोघांच्या तोंडून ठरतं, आणि खाडा पडला तर विचारणारा धुऱ्यावर हजर असतो. विचारणारा नसला की काय होतं, ते दिग्रसकरांना रेल्वेने शिकवलं आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्ग २००८-०९च्या रेल्वे अर्थसंकल्पातला. त्यावर वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी धावायला २०२४चा फेब्रुवारी उजाडला; कळंबनंतर यवतमाळ, मग दारव्हा, मग दिग्रस. एवढ्या दिरंगाईपुढे तुमचा सकाळी फिरायला जायचा बेत अगदीच वेळेत म्हणावा लागेल.

आता समितीचं. गावच्या पैसेवारी समितीत मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक, सरपंच. माणसाच्या समितीत बायको किंवा नवरा, उधारीची वही ठेवणारा किराणावाला आणि रोजचा चहावाला पुरे. साखर कमी केली की नाही, हे चहावाल्याइतकं कुणाला ठाऊक? कापणी प्रयोगाला संकल्पकर्त्याने हजर राहावं, बोलू नये. निकाल पंचांच्या सहीने घराच्या दारावर लावावा. हरकती लेखी, मुदतीत घेतल्या जातील. मुदत अर्थातच निकाल लागायच्या आदल्या दिवशी संपेल.