कॅपकाका

बाळकुम नाक्यावर भिवंडीकडे निघालेल्या ट्रेलरमागे अडकलात तर चिडू नका. तेवढा वेळ तुम्ही कॅपकाकांपासून वाचलेले असता. एकदा सोसायटीच्या गेटात शिरलात की सुटका नाही. बी-विंगसमोरच्या बाकड्यावर ते बसलेलेच असतात: ट्रॅकपँट, मांडीवर निळी प्लास्टिकची फाइल आणि डोळे लिफ्टच्या दाराकडे. क्लासचं नाव छापलेली सॅक पाठीवर घेतलेलं पोरगं दिसलं की विचारतात, "कितवी?" पोरगं "बारावी" म्हणालं की त्याची संध्याकाळ गेली.

(कॅप म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या त्या सरकारी फेऱ्या. काका स्वतः टोपी घालत नाहीत. ती पालकांना घातली जाते, असं त्यांचंच म्हणणं.)

काकांची मुलगी २०२४ साली बारावी झाली, इंजिनिअरिंगला लागली, तिथे रुळली. बारावीचं नाव काढलं तर तिला जांभई येते. काका मात्र तिथेच आहेत. स्वतः बीकॉम, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळतात, इंटिग्रेशनच्या चिन्हाला अजूनही 'तो लांब एस' म्हणतात. पण सीईटीची रचना विचारा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. फिजिक्स-केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास, एकेक गुण. नव्वद-नव्वद मिनिटांचे दोन भाग. अकरावीचा भाग साधारण २० टक्के. "आणि निगेटिव्ह मार्किंग नाही हो! प्रश्न कोरा सोडणं म्हणजे दारात आलेल्या लक्ष्मीला 'नंतर ये' म्हणणं."

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे त्यांनी आमच्या वॉचमनलाही समजावलं आहे. "समज, नाक्यावर वडापावच्या रांगेत शंभर माणसं आहेत. पंच्याण्णव तुझ्या मागे, म्हणजे तुझं पंच्याण्णव पर्सेंटाइल." वॉचमननं विचारलं, "मग वडापाव मिळाला का?" काका म्हणाले, "नाही. पुढच्या चौघांतच संपला. याला म्हणतात पहिली फेरी."

"बोर्डाचं काय घेऊन बसलात, इंजिनिअरिंगला ओपनच्या पोराला पीसीएममध्ये ४५ टक्के पुरतात," हे वाक्य ते एकदा सी-विंगमधल्या निवृत्त मराठीच्या बाईंसमोर बोलून गेले. बाई तेव्हापासून दुसऱ्या लिफ्टने जातात.

ती निळी फाइल एकदा मी जवळून पाहिली. वर स्केचपेननं 'मूळ प्रती, हात लावू नये'. आत डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, हॉल तिकीट, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स, आणि पासपोर्ट फोटोंचं पाकीट. सगळे फोटो एकाच दिवशी काढलेले आणि सगळ्यांत पोरगी रडवेली. स्वतःला लागत नाहीत ते दाखलेही काकांना तोंडपाठ. जुलै २०२४मध्ये सरकारनं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं. काकांचं उत्पन्न त्या रेषेच्या जेमतेम वर. त्या वर्षी मिळालेल्या इन्क्रिमेंटबद्दल त्यांनी साहेबाला अजून माफ केलेलं नाही.

लेकीचं सीईटी केंद्र नवी मुंबईत आलं तेव्हा आदल्या दिवशी त्यांनी रंगीत तालीम केली. तीच वेळ, तोच रस्ता, तोच रिक्षावाला. फक्त तो दिवस सुट्टीचा होता. खऱ्या दिवशी कापूरबावडीला मेट्रोच्या खांबांखाली काय वाढून ठेवलेलं असेल या धास्तीनं ते इतक्या पहाटे निघाले की केंद्राचं गेट उघडणाऱ्या माणसाला पहिला चहा यांनीच पाजला.

पण काकांची खरी परीक्षा झाली त्याआधीच, डिसेंबरात. लेकीचं नाव ज्युनिअर कॉलेजात, मुक्काम क्लासमध्ये. हल्ली निम्म्या बारावीचं हेच आहे. कॉलेजचं तोंड दिसायचं ते प्रॅक्टिकलला आणि डेजना. मिसमॅच डे काकांनी वेळापत्रकातून उडवला, ग्रुप डे उडवला, ट्रॅडिशनल डेला दीड वाजेपर्यंतची सवलत दिली. काकूंनी ते वेळापत्रक फ्रिजवरून काढून डब्याखाली घातलं आणि जाहीर केलं, "पोरगी नऊवारी नेसून जाणार, आणि संध्याकाळी येणार."

सकाळी आतल्या खोलीत नेसणं चाललेलं. बाहेर बंद दाराशी काका नोट्स घेऊन उभे. "अल्डॉल कंडेन्सेशनला अल्फा हायड्रोजन लागतो की नाही?"

आतून काकूंचा आवाज: "आत्ता पिना लागतायत. त्या द्या आधी."

शेवटी 'रिक्षा मिळणार नाही' या सबबीवर काका कॉलेजपर्यंत गेलेच. फाटकाशी नऊवाऱ्या, फेटे, नथी, कोणाच्या तरी बुलेटवर बसून फोटो. पोरींनी आपापल्या पर्स काकांच्या हातात दिल्या आणि त्या गर्दीत नाहीशा झाल्या. संध्याकाळी लेक शोधत आली तेव्हा काका फाटकापाशीच होते. दोन्ही खांद्यांना पर्स लटकलेल्या, आणि समोर दोन अनोळखी बाप कानांत प्राण आणून ऐकतायत. त्या दिवशी त्यांना आपला आवाज सापडला, असं काकू म्हणतात. कटऑफची पीडीएफ दाखवायला ते मोबाइल काढतात तेव्हा आधी त्या नऊवारीतला फोटो येतो. तो जरा जास्तच वेळ स्क्रीनवर राहतो, आणि तेवढ्यापुरते काका गप्प असतात.

मी त्यांना हसतो, पण मला त्यांची बाजू पटते. फ्रीझ, बेटरमेंट, पसंतीक्रम ही विद्या शिकायला दोन वर्षं जातात आणि ती वापरायची एकदाच. मुलीचं लग्न जमवताना आलेलं शहाणपण निदान धाकटीला कामी येतं. काकांना धाकटी नाही. त्यात सरकार ती विद्याही टिकू देत नाही. २०२५मध्ये तीनाच्या चार फेऱ्या झाल्या. पहिलीत पहिला पर्याय लागला तर सीट घ्यावीच लागते, हे जुनंच. आता दुसरीत पहिल्या तिघांतला आणि तिसरीत पहिल्या सहांतला लागला तरी सुटका नाही. हे वाचून काका दोन दिवस बाकड्यावर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवी माहितीपुस्तिका छापून, स्पायरल बाइंडिंग करून. घरात बारावीचं कोणी नसताना.

यंदा माझा मुलगा बारावीला आहे. मी जिन्यानं जातो, काका जिन्यावर भेटतात. त्यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल, पण एक गोष्ट करा. नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्र लागणार असेल तर त्यावरची तारीख आजच बघा. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ते चालायला हवं. नसेल तर नव्यासाठी लगेच अर्ज टाका, निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.