रकानेसाहेब

तुमच्या ऑफिसातही असा एक असेलच. नसला, तर सोसायटीच्या कमिटीत नक्की आहे. "गच्चीची चावी कुणाकडे आहे हो?" एवढंच विचारावं, तर हा दिनांक, वेळ, सही, शेरा असा छापील तक्ता पुढे करतो. आमचा नमुना हिंजवडीत टेस्टिंगला आहे. आडनाव भलतंच आहे, पण अख्खी टीम त्याला रकाने म्हणते. गेल्या वर्षी नव्यानं लागलेल्या एका मुलीनं पहिल्याच दिवशी त्याला 'डिअर रकाने सर' अशी मेल टाकली. त्यानं चूक दुरुस्त केली नाही. उत्तरात टीमची माहिती पाठवली. सहा रकान्यांत.

आमच्याकडे टेस्ट लिहायला कुकुंबर नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. 2008 साली आस्लक हेलेसॉय या गृहस्थानं ते काढलं. त्यात ज्या भाषेत लिहायचं तिचं नाव गर्किन, म्हणजे लोणच्यातली काकडी. कल्पना झकास आहे. अमुक परिस्थिती असताना तमुक केलं की काय व्हावं, हे साध्या वाक्यांत लिहायचं. म्हणजे धंदा कळणारा, कोड लिहिणारा आणि तपासणारा असे तिघंही एकच मजकूर वाचतात. वाक्याखाली उभ्या रेघा मारून लहानसा डेटा टेबल जोडायचीही सोय आहे. ही सोय ज्यानं केली त्यानं रकानेला पाहिलेलं नव्हतं.

चुकीचा पासवर्ड टाकला की आत सोडू नये, एवढं तपासायचं होतं. दोन ओळींचं काम. रकानेनं तक्ता दिला चौदा रकान्यांचा. त्यात रक्तगट.

"रक्तगट कशाला रे?"

"असू दे. उद्या लागला तर?"

पासवर्ड चुकला म्हणून रक्त चढवायची वेळ अजून कुणावर आलेली नाही, हे मी त्याला सांगितलं. टेस्ट ज्याच्यावर उभी आहे तेवढंच तक्त्यात ठेवावं, बाकीचं मागे कोडमध्ये भरून टाकावं, नाहीतर वाचणाऱ्याला कळतच नाही की चौदांतलं नेमकं महत्त्वाचं काय, हेही सांगितलं. दहाव्यांदा. त्यानं मान डोलावली. मग शांतपणे विचारलं, "हे कुठल्या रकान्यात लिहू?"

त्याच तक्त्यात, आणि त्याच्या झाडून सगळ्या तक्त्यांत, एक ओळ हमखास असे:

| सुनील | . | बोरकर |

मधला रकाना वडिलांच्या नावाचा. तिथं नुसतं टिंब. मी रिव्ह्यूत 'कचरा डेटा, काढा' असा शेरा मारायचो. तो काढायचा. पुढच्या फाइलमध्ये सुनील टिंब बोरकर पुन्हा हजर. चार वर्षं हा खेळ चालला. शेवटी मी शेरा लिहिणंही सोडलं, नुसतं टिंब टाकायचो, त्याला कळायचं.

एक मात्र कबूल करतो. डेटा टेबल आणि एक्झाम्पल्स या गर्किनमधल्या दोन तक्त्यांतला फरक आमच्यातल्या निम्म्या लोकांना त्याच्या मिसळीमुळे कळला. दोन्ही दिसायला सारखेच, उभ्या रेघांचे, त्यामुळे पोरं कायम गल्लत करायची. एका शुक्रवारी सात जण मिसळ खायला गेलो. रकानेनं टिश्यूवर तक्ता काढला: नाव, तिखट की मध्यम, जादा पाव, तर्री, कांदा. तो वेटरच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा डेटा टेबल. सात जणांची ऑर्डर, वेटरला एकच हाक. एक्झाम्पल्स म्हणजे वेटरला सात वेळा बोलवायचं, आणि दर वेळी त्यानं टेबल पुसून पाण्याच्या ग्लासापासून नव्यानं सुरुवात करायची." वेटरनं टिश्यू उलटसुलट करून पाहिला, तोंड पुसून खिशात घातला आणि सात मध्यम आणल्या.

पण त्याचा खरा जीव रेघांत. रेघेखाली रेघ आलीच पाहिजे. टेस्ट लाल असो की हिरवी, रेघ हलता कामा नये. एकदा मराठी भाषा गौरव दिनाला कुणीतरी टूम काढली की आज टेस्ट मराठीत लिहायच्या. गर्किनला मराठी येतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. फाइलच्या डोक्यावर भाषा सांगितली की 'जेव्हा', 'तेव्हा', 'आणि', 'पण' सगळं तिला समजतं. रकाने हरखला. दुपारी दोनला बसला आणि सातला मान वर केली तेव्हा डोळे लाल. रेघा जुळेनात. 'किती' हा शब्द दिसायला दोन अक्षरांचा, पण कॉम्प्युटर वेलांट्या वेगळ्या धरून चार मोजतो, आणि तेवढ्यानं रेघ सरकते. "वेलांट्या नसलेली नावं घेऊ का?" त्यानं मला अगदी गंभीरपणे विचारलं. दुसऱ्या दिवशी तक्त्यात सगळे रमण, मदन आणि गजानन. गजाननाच्या कान्यानं घात केला, म्हणून त्याचाही मदन झाला.

मग शाळाप्रवेशाच्या सॉफ्टवेअरचं काम आलं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम राज्यानं ठरवला, तेव्हा फॉर्ममध्येही बदल करायचे होते. एक रकाना वाढणार म्हणून आम्ही रकानेचं आगाऊ अभिनंदन केलं. क्लायंटच्या यादीत वडिलांच्या नावापुढे 'अनिवार्य' असं होतं. मीटिंगमध्ये रकाने म्हणाला, "नसलं तर?"

"असं कसं नसेल?" पलीकडचा माणूस हसला. आम्हीही हसलो.

रकानेनं तक्ता उघडला नाही. एरवी तो अशा वेळी स्क्रीन शेअर करतो.

नंतर टपरीवर चहा घेताना म्हणाला, "आईनं फॉर्ममध्ये ती जागा सोडली होती. क्लार्क म्हणाला, बाई, रिकामं चालत नाही. आई नाव लिहीना. शेवटी तो म्हणाला, टिंब देतो, जागा भरल्याशी कारण. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते टिंब छापून आलंय. पहिल्या नोकरीत ऑनलाइन फॉर्म टिंब घेईना. वैध नाव टाका, म्हणे."

मी चहाकडे पाहत राहिलो. चार वर्षं मी रिव्ह्यूत काय काय काढलं होतं ते आठवत होतं.

त्या आठवड्यात त्याची फाइल आली. जावाच्या कुकुंबरमध्ये तक्त्यातला रिकामा रकाना 'नल' होतो, म्हणजे तिथं काहीच नाही. कोरी किंमत हवी असेल तर त्यासाठी एखादा शब्द ठरवून द्यावा लागतो. रकानेनं ठरवला होता [रिक्त]. वडिलांच्या नावाच्या रकान्यात एका ओळीत काहीच नाही, दुसरीत [रिक्त], तिसरीत टिंब. तिन्हींपुढे अपेक्षा एकच: अर्ज स्वीकारावा. मी त्याला विचारलं, पहिल्या दोन वेगळ्या कशाला?

"रिकामा म्हणजे कुणी विचारलंच नाही. रिक्त म्हणजे विचारलं, आणि आईनं सोडून दिलं."

तक्त्यात तेरा रकाने होते, त्यांतले सात निव्वळ फालतू. रक्तगट होताच. मी शेरा न मारता मंजूर करून टाकलं, शिवाय तिसऱ्या ओळीत एक रेघ किंचित सरकलेली होती तीही स्वतः सरळ केली.

पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला: "टिंबानंतर एक स्पेस जास्त झालीये."