ऋषींच्या पातेल्यात मका

गणपतीच्या तोंडावर दादरच्या मंडईत भाजीवाल्या वाटे लावून बसतात. सुरणाचा तुकडा, भोपळ्याची फोड, मक्याचं कणीस, शिराळं, भेंड्या, अळूच्या देठी, लाल माठाचे जाड दांडे, वर दोन-चार अंबाडे. काय हवं ते बाई विचारतच नाही. नुसतं “ऋषीचा ना?” म्हणते. एरवी पाव किलो भेंडीसाठी शेंडे मोडून बघणारी मी त्या दिवशी मुकाट्याने वाटा पिशवीत टाकते.

ऋषिपंचमीचा नियम असा, की बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लागता परसात, कुंपणावर जे उगवेल तेवढंच. तेल नाही, कांदा-लसूण नाही, आमच्याकडे हळदसुद्धा नाही. भाचा एकदा म्हणाला, “आता सगळीकडे ट्रॅक्टरच नांगरतो. मग फ्लॉवर का नाही चालत?” प्रश्न बिनतोड होता. आत्याने शांतपणे त्याच्यासमोर अळूच्या देठी सोलायला ठेवल्या. पाच मिनिटांत तो हात खाजवत नळाखाली उभा. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; अंबाडा किंवा चिंच घालायची ती त्यासाठीच. आत्याला स्फटिक माहीत नाहीत, पण वाद कसा मिटवायचा ते पक्कं माहीत आहे.

खरं तर भाच्याने मक्यावर बोट ठेवायला हवं होतं. मका, लाल भोपळा आणि मिरची ही तिन्ही मूळची अमेरिकेची. इथे आली ती १५०० सालानंतर, युरोपी जहाजांतून. म्हणजे कश्यप-अत्रींपासून वसिष्ठांपर्यंत सात ऋषींपैकी एकानेही कणीस पाहिलेलं नसणार. पण बिनमक्याची ऋषीची भाजी आमच्या घरात कोणी पानात वाढून घेणार नाही. व्रताच्या कहाणीतला विटाळाचा भाग घरातल्या बायकांनी केव्हाच सोडून दिला. भाजी तेवढी ठेवली, आणि माझ्या मते निवड अगदी योग्य केली.

करायला सोपी म्हणतात. कणसाचे तुकडे करून बघा म्हणजे कळेल. सुरी कणसात रुतून बसते आणि वरून बत्ता हाणावा लागतो. मग मोठ्या पातेल्यात खाली सुरण, मका, माठाचे दांडे. ते अर्धे शिजले की भोपळा, पडवळ, भेंडी. शेवटी अंबाडे, ठेचलेली मिरची, मीठ आणि मूठ-मूठ ओलं खोबरं. झाकणावर पाणी ठेवायचं नि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच जमत नाही. मोहरी तडतडल्याशिवाय स्वयंपाक झाला असं मराठी हाताला वाटतच नाही. जाऊ दर पाच मिनिटांनी झाकण उघडते, मावशी ढवळते, आत्या “ढवळू नका गं, भोपळ्याचं पिठलं होईल” म्हणून ओरडते. आणि भोपळ्याचं पिठलं होतंच. त्यानेच तर रस दाट होतो.

आमचा गणपती दीड दिवसाचा, त्यामुळे नैवेद्य हाच, आणि दुपारच्या पंगतीला सगळं गणगोत. आदल्या दिवशी तुपात बुडवून मोदक हाणलेली पोटं या आंबट-गोड, बिनतेलाच्या भाजीवर अशी तुटून पडतात की बोलायची सोय नाही. मक्याचे तुकडे चोखायचे, माठाचे दांडे चावून चोथा पानाच्या कडेला ठेवायचा. नवीन जावई पहिल्या वर्षी भांबावतो. “भाजी कुठेय?” असं हळूच बायकोला विचारतो, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतो.

पातेलं एवढं मोठं, की भाजी उरतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हिंग-मोहरीचा खमंग वास आला, म्हणून डोकावले. उरलेल्या भाजीवर आत्या सढळ हाताने फोडणी ओतत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “बघतेस काय? आज षष्ठी. ऋषी गेले काल.”