अण्णांची काळी एक

पहाटे साडेपाचला आमच्या गल्लीत आधी भाता हलतो. मग खाकरणं, कोमट पाण्याचा घोट, पुन्हा खाकरणं, आणि मग कुठे षड्ज लागतो. सांगलीत दुधाची गाडी कधीमधी उशिरा येते, अण्णांचं खाकरणं कधीच नाही.

तरुणपणी सोडलेलं गाणं उतारवयात पुन्हा धरलेला एकतरी गृहस्थ प्रत्येक गल्लीत असतो. आमच्या वाट्याला अण्णा आलेत. वय ६७. नवीन माणूस भेटला की आपलं चरित्र ते तीन दमांत उरकतात, "कुपवाड एमआयडीसीत वर्कशॉप होतं, ते बसलं. मग छातीत दोन स्टेंट बसले. आता मी बसतो, पेटीला." समोरचा हसला तर पहिल्याच भेटीत त्याला यमन ऐकावा लागतो. न हसला तर भूप.

हे तीन दमांतलं चरित्र घडायला तीन-चार वर्षं लागली. मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले, बँकेने लेथ उचलून नेले, आणि सकाळी आठला डबा घेऊन निघणारा माणूस दिवसभर आरामखुर्चीत पेपर वाचू लागला, अगदी निविदा सूचनांसकट. दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत जायचा. काकूंनी हे बरेच दिवस पाहिलं आणि एका दुपारी मुलाला शिडीवर चढवून माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. २०१९च्या पुरात त्यांच्या घरातला सोफा, फ्रीज, कपाटातले हिशेबाचे कागद, सगळं कृष्णामाईने नेलं होतं. माळ्यावर होती म्हणून पेटी तेवढी वाचली. "हिशेब नेले आणि सूर ठेवले, बघ की!" असं अण्णा म्हणतात. काकूंच्या मते नदीला माळ्यापर्यंत हात पोचला नाही, एवढंच.

पाण्यातून वाचलेल्या पेटीला उंदराने मात्र सोडलं नव्हतं. भात्याला भोक, आणि एक पट्टी अशी चिकटलेली की दाबा न दाबा, मध्यम आपला चालूच. भूपात मध्यम नसतो हे सगळ्या जगाला माहीत आहे, फक्त पेटीला नव्हतं. तरी अण्णांनी त्या पेटीवर जिद्दीने भूपच घोटला. "मधे मधे कोण रडतंय?" असं समोरच्या आजींनी विचारल्यावर पेटी मिरजेला गेली. तिथे तंतुवाद्यं करणाऱ्यांची घराणी आहेत, भोपळा नुसता वाजवून तंबोऱ्याचं भविष्य सांगणारी माणसं. पेटी उघडून दुरुस्तीवाल्याने अण्णांकडे असं पाहिलं म्हणे, की डॉक्टरांनीसुद्धा अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन तसं पाहिलं नव्हतं.

अण्णांच्या गुरू २६ वर्षांच्या आहेत. अण्णा त्यांना 'बाई' म्हणतात आणि गुरुपौर्णिमेला वाकून नमस्कार करतात, तेव्हा त्या बिचाऱ्या चार पावलं मागे सरतात. "काका, निषाद चढतोय," त्या हळूच सांगतात. "हवा दमट आहे," अण्णा सांगतात. हवा कोरडी असली तर घसा कोरडा असतो. एकदा दोन्ही कारणं संपली, तर आदल्या रात्रीच्या कढीवर ठपका ठेवला. तेव्हापासून घरात दही बंद. ज्येष्ठमध आणि खडीसाखर खिशात, गळ्याला मफलर. मे महिन्यातल्या सांगलीत मफलर!

पट्टीचं प्रकरण जरा नाजूक आहे. कॉलेजात असताना अण्णा काळी दोनमध्ये गात, असं ते स्वतः सांगतात. आता "वयाप्रमाणे" काळी एक. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मोबाइलमधल्या तंबोऱ्याचा स्वर गुपचूप काळी पाचवर आणून ठेवला. "आज काळी एक कशी सहज लागतेय!" अण्णा खूश. हे काकूंना माहीत आहे, मला माहीत आहे, तबला वाजवणाऱ्या अकरावीतल्या पोरालासुद्धा माहीत आहे. कोणी बोलत नाही.

त्याच मोबाइलवर तंबोरा चालू असताना फोन येतात. एकदा गंधारावर नुकताच कुठे मुक्काम पडलेला, तेवढ्यात एक मुलगी विचारते, सर, बिझनेस लोन हवंय का? अण्णा इतके हसले की त्या दिवशीचा रियाज तिथेच संपला. दोन वर्षांपूर्वी असा फोन आला असता तर त्या दिवशी ते जेवले नसते.

थोरामोठ्यांच्या हालअपेष्टांचा अण्णांचा व्यासंग दांडगा आहे. त्यातही विष्णु दिगंबर पलुस्कर म्हणजे त्यांचं दैवत. पलुस्कर जवळच्याच कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामात डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिले, आणि १९०१मध्ये थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे मुंबईत विद्यालयाची इमारत बांधली, ती कर्जापायी लिलावात गेली. अण्णा इथे थांबून आपल्याकडे बघतात. "लिलाव! पलुस्करबुवांचासुद्धा!" यावर काकू स्वयंपाकघरातून, "अहो, त्यांचं गाणं आधी होतं, लिलाव नंतर."

गांधर्वच्या परीक्षेला बसायची कल्पना याच भक्तीतून निघाली. प्रारंभिकच्या केंद्रावर बाहेर बाकड्यावर आठ-नऊ वर्षांची पोरं, वेण्या, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध मफलर. एका आईने त्यांनाच विचारलं, "सर, आधी ताल विचारता की अलंकार?" अण्णांनी तिला सविस्तर मार्गदर्शन केलं. शेजारच्या चिमुरडीने त्यांची त्रितालाची उजळणी घेतली. कारण हातावर ताल धरताना अण्णांची खाली नवव्या मात्रेला येईलच याची खात्री नसते. समेवर ते कधी पंधराव्यालाच पोचतात, कधी सतरावी मात्रा शोधून काढतात. आयुष्यभर पार्ट मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून दिलेला हा माणूस दोन मात्रा इकडे-तिकडे झाल्या की म्हणतो, "चालतंय की!" वर्कशॉपात हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. तिथले जुने फिटर मध्यंतरी भेटायला आले, तेही हे ऐकून गप्प झाले.

परीक्षेत दुसरा वर्ग मिळाला. त्या चिमुरडीला पहिला. दोघांचा पेढा गल्लीत एकदमच वाटला गेला.

कोजागरीला त्यांच्या गच्चीवर बैठक असते. काकू भडंग ठेवतात. गेल्या वर्षी विलंबितात सगळी गच्ची कुरकुरत होती, म्हणून या वर्षी नियम झाला, भडंग मध्यंतरात. लोकांनी मध्यंतराची वाट इतकी उत्कटतेने पाहिली की अण्णांना वाटलं, गाणं रंगलंय. काही माना खरोखर डोलतही होत्या. एक-दोनदा, म्हणजे खरं सांगायचं तर एकदा, पूरियाधनाश्रीचा पंचम असा लागला की भडंगाची ताटली हातात घेतलेला माणूस ती खाली ठेवून बसला. पुढच्याच आवर्तनात सम गेली, ते सोडा.

हल्ली अण्णांनी हिशेब मांडलाय. प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन, मग विशारद. पंचाहत्तरीच्या आत उरकायचं. आणि मिरजेच्या दर्ग्यात, अब्दुल करीम खाँसाहेब जिथे विसावलेत तिथे, उरुसाच्या संगीतसभेत दहा मिनिटं हजेरी लावायची. "पहाटे तीनला दिली तरी चालेल. ऐकायला कोणी नसेल त्या वेळी."

"तेच बरं," काकू म्हणाल्या, आणि डब्यात भडंग किती न्यायचं ते विचारायला लागल्या.