काट्यावरचे भाऊ

कळंबोलीत सिडकोच्या केएल टाईपच्या बिल्डिंगींमध्ये जिन्यागणिक एक तरी भाऊ असतातच. आमच्या जिन्याचे भाऊ मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. मुंबईच्या कर्नाक बंदरचा लोखंड बाजार इकडे आणायचा म्हणून सिडकोनं जी जागा आखली, तिथे ते एका वजनकाट्यावर असतात. ट्रक आधी रिकामा काट्यावर घ्यायचा, मग भरलेला. मधला फरक तो माल. हा हिशेब भाऊंच्या अंगात इतका मुरलाय की लग्नाच्या पंगतीतून उठतानाही ते पोटावरून हात फिरवत मनातल्या मनात पावती फाडतात.

असा माणूस हॉटेलात उतरत नाही. "हाटेलात कोण कुणाचं? आपल्याला घरगुती पायजे. माणसातलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दर दिवाळीला हे माणसातलं ठिकाण म्हणजे दिवेआगर. घर ठरलेलं असलं तरी बुकिंगचा फोन ते दर वेळी नव्यानं, गॅलरीत उभे राहून करतात. मागे ट्रेलर रिव्हर्स घेत असतो, त्यामुळे त्यांचं बोलणं अख्ख्या सेक्टरला ऐकू जातं.

"काकू, घरगुतीच आहे ना तुमचं?"

"हो हो, आम्ही इथेच राहतो."

"मग एसी आहे का?"

"आहे."

"गरम पाणी चोवीस तास?"

"सकाळी बंब पेटवतो."

"बरं, माणशी दर काय लावताय? आम्ही सहा. पण त्यातली दोन लहान आहेत. एक तर जेवतच नाही."

हा न जेवणारा मुलगा यंदा बारावीला आहे आणि पैजेवर अठरा पुरणपोळ्या खाल्ल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. पळस्प्यापासून पुढे मुंबई–गोवा रस्त्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा तो बालवाडीत होता. आता त्याला लायसन्स मिळायची वेळ आली, पण त्या रस्त्यावर तो अजून वळणंच मोजतोय. कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे करत माणगाव यावं, तिथून म्हसळ्याला वळावं आणि बोर्ली पंचतन गेलं की दिवेआगरच्या पोफळी दिसाव्यात. एवढ्या वेळात वहिनींच्या मांडीवरची पिशवी काही हलत नाही. तिच्यात कांदा-लसूण चटणी असते. माणसातलं असलं तरी आपली चटणी आपल्याजवळ असावी, एवढी सावधगिरी माणदेश शिकवतोच.

दिवेआगरला हे घरगुती प्रकरण फोफावलं ते गणपतीमुळे. १९९७ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका सुपारीच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला. दर्शनाला गाड्या लागल्या. आलेल्या माणसाला जेवू घालायला हवं म्हणून ओटीवर ताटं मांडली गेली. ताटापाठोपाठ गादी आली, गादीपाठोपाठ कमोड आणि कमोडपाठोपाठ एसी. २०१२ साली गणपती चोरीला गेला, मिळालेल्या सोन्यातून घडवलेल्या मुखवट्याची २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. मधल्या काळात भाऊ काही यायचे थांबले नाहीत.

काकूंचं घर कौलारू. पुढे पडवी, ओटीवर झोपाळा, मागे विहीर आणि पाटाच्या पाण्यावर पोसलेली नारळी-पोफळीची वाडी. विहिरीकडची खोली भाऊंची. गाडीतून उतरल्यावर भाऊ तासाभरात घर ताब्यात घेतात. कळंबोलीच्या घरी स्वतःच्या हातानं पाणी न घेणारा हा गृहस्थ इथे पहाटे उठून बंबात चिपाडं सारतो, काकांना वाडीचं पाणी कुठे वळवावं ते सांगतो आणि झोपाळ्यावर बसून नव्या पाहुण्यांना बजावतो, "चपला तिकडं. आणि मोदक पायजे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं हितं." मागच्या खेपेला ठाण्याच्या एका जोडप्यानं निघताना बिलाचे पैसे भाऊंच्याच हातात ठेवले. भाऊंनी ते मोजून घेतले, काकूंना नेऊन दिले आणि येताना जोडप्यासाठी दोन शहाळी मागून आणली.

कसोटी लागते ती जेवणाला. पानात वालाचं बिरडं, आमटी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. भाऊ पहिला घास घेतात, थांबतात आणि वहिनींकडे बघतात. आमटीत गूळ! पिशवी उघडते. सोलकढीतसुद्धा चटणी घालणारा महाराष्ट्रातला बहुधा हा एकमेव माणूस. काकू लांबून पाहतात, काही बोलत नाहीत. मात्र मोदक आले की चटणी बंद होते. ते नगावर असतात, त्यामुळे भाऊ मोजतात. आणि नवव्यानंतर मोजणं सोडतात, हे मी स्वतः पाहिलंय. मासे खायला ते रात्री पलीकडच्या आळीतल्या खाणावळीत जातात, पण काकूंना सांगतात, "जरा पाय मोकळे करून येतो." काकूंना सगळं ठाऊक असतं. त्या एवढंच म्हणतात, "येताना कडी लावा."

घरगुती उतरणं परदेशातही असतं. आमच्याच जिन्यातली एक मुलगी लग्नानंतर मोरोक्कोतल्या मराकेशला जाऊन आली. तिथे ती दोघं एका रियादमध्ये उतरली होती. रियाद म्हणजे जुन्या गावातलं घर: गल्लीच्या बाजूनं नुसती भिंत आणि एवढंसं दार, आत मात्र चौक, चौकात कारंजं, संत्र्याची झाडं आणि चहूबाजूंनी खोल्या. पुदिन्याचा चहा किटलीतून हातभर उंचीवरून ग्लासात ओततात आणि रात्री जेवायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवावं लागतं. भाऊंनी मोबाईलवरचे फोटो बोटांनी मोठे करकरून पाहिले. "हा तर आमच्या पाटलाचा वाडा! चौक बघ, सोपा बघ. आन् जेवणाचं तर मोदकासारखंच की." मग खरा प्रश्न आला. "माणशी किती?" मुलीनं आकडा सांगितला. भाऊ बराच वेळ गप्प होते. तेवढ्यात दिवेआगरच्या किती दिवाळ्या बसतात ते त्यांनी तोंडी काढलं आणि मोरोक्को बाद केला.

भाऊंची अशी टिंगल मी करतो खरी. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा काकूंची अर्धी वाडी आडवी झाली आणि कौलं उडाली. लावलेली पोफळ धरायला वर्षं जातात, ते नुकसान कुणालाच लगेच भरून देता येण्यासारखं नव्हतं. पाऊस तोंडावर, गावात वीज नाही, पत्रे मागतील त्या भावानं. चार दिवसांनी लागलेल्या पहिल्या फोनवर काकू फक्त म्हणाल्या, "यंदा येऊ नका हो भाऊ." भाऊंनी बाजारातल्या ओळखीवर पत्रे मिळवले, टेम्पो ठरवला आणि त्याच्यासोबत वजनाची पावतीसुद्धा पाठवली. पत्र्याचे पैसे त्यांनी काकूंकडून खरेदीच्या भावानं घेतले, हप्त्यानं. टेम्पोच्या भाड्याचं नाव काढलं नाही.

पुढच्या दिवाळीला बिल आलं तेव्हा मात्र त्यांनी सवयीनं घासाघीस केलीच. "काकू, आपलं घरचं हाय, काय तरी कमी करा की." काकूंनी शंभर रुपये कमी केले. त्या शंभराची भाऊंनी त्यांच्याकडूनच सुपारी घेतली. ती घरी आणून छोट्या काट्यावर घातली, तर पावशेर जास्त भरली. फोन करून त्यांनी तसं कळवलंही, जवळजवळ तक्रारीच्या सुरात.

दिवाळीत दिवेआगरला जायचं असेल तर गणपती उठायच्या आत फोन करून ठेवा. उतरा कुठेही, पोटभर जेवाल. चटणी न्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त विहिरीकडची खोली मागू नका, ती भाऊंची आहे.